निळं तेवढं पुसलेलं

१

रणजीतभाऊंनी चित्रावरचं कापड ओढलं, आणि चित्रात आभाळच नव्हतं.

ढग होते. खाली मारुंजीचा जुना माळ होता, कडेला बाभळींची रांग होती. पण ढगांच्या मागे जिथे निळं आभाळ असायला हवं, तिथे कॅनव्हासचा मळकट पांढरा पोत उघडा पडला होता आणि त्यावर पुसल्याचे फराटे. दोघांनी धरून उचलावं लागेल एवढं मोठं चित्र. पार बोडकं दिसत होतं.

सोपानराव चाकणहून टेम्पो घेऊन आले होते. त्यांच्या कारखान्याच्या नव्या हॉलमध्ये खंडेनवमीच्या पूजेला हे चित्र लागायचं होतं. दुर्गाकाकूंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट तसंच राहिलं. तनुजानं तोंडावर ओढणी धरली. ती अण्णांची जुनी विद्यार्थिनी, त्यांच्या हाताखाली काम करते. आणि ज्यांचं हे चित्र, ते यशवंतराव, म्हणजे आमचे सगळ्यांचे अण्णा, दुर्गाकाकूंचे यजमान, खुर्चीत बसून होते. डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा लावलेला. त्या चष्म्यामुळे त्यांचा चेहरा काही वाचता येईना.

मी दारात उभी होते, कडेवर माझी रंभा. आम्ही अण्णांच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. चित्र जाताना बघावं म्हणून खाली आले होते.

रणजीतभाऊ, अण्णांचा मुलगा, चित्राजवळ वाकले. "हे बघा राव. हितं."

खाली उजव्या कोपऱ्यात एक पंजा उमटला होता. इवलासा. पाचही बोटं स्पष्ट.

सगळ्यांची नजर दाराकडे वळली, आणि माझ्या चेहऱ्यावर न थांबता माझ्या कडेवर गेली.

"रंभे," काकूंनी विचारलं, "आभाळाला हात तू लावलास व्हय गं?"

रंभानं एका डोळ्यावर तळहात ठेवून चित्राकडे पाहिलं. मग मान डोलावली.

"हो."

२

खरं तर सगळ्यात आधी माझ्या मनात संशय आला तो माझ्याच लेकीचा.

कारण आदल्या संध्याकाळी ती खालून खेळून आली तेव्हा तिचा तळहात रंगानं माखला होता. साबणानं जाईना. मी घाबरले. ऑइलच्या रंगात शिसं असतं, ते पोटात गेलं तर काय होतं, हे मोबाइलवर वाचत वाचत मी खोबरेल तेल लावून तो हात चोळून काढला. तिची जीभ पाहिली, नखं पाहिली. हिनं रंग कुठे लावला असेल, हे मात्र डोक्यातच आलं नाही.

आता तेच डोक्यातून जाईना.

दुपार व्हायच्या आत रणजीतभाऊंनी त्या पंजाचा फोटो 'मारुंजीकर परिवार' ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घरची नवी चित्रकार. लाखमोलाचं आभाळ साफ.' हसणारे चेहरे, कपाळावर हात मारणारे चेहरे. कुणीतरी विचारलं, भाडेकरूची का? संध्याकाळी रंभाला घेऊन दूध आणायला गेले, तर डेअरीवाल्यानं पिशवी देता देता काउंटरवरचं रजिस्टर बाजूला सरकवलं. "आमचं काही पुसू नको हां बाळा," म्हणाला. लोक हसले. रंभाही हसली. मला काही हसता आलं नाही.

माझा नवरा सार्थक चाकणच्या कंपनीतून जनरल शिफ्ट करून आला. मी त्याला सगळं सांगितलं.

"अगं, लेकरू आहे. चार दिवसांत विसरतील लोक."

"तुमच्या गावात कुणी विसरतं? तुझ्या चुलत्यानं लहानपणी एकदा गंजीला काडी लावली होती. त्यांना आता नातवंडं झालीत, पण अजून काडीतात्याच म्हणतात ना?"

त्यानं रंभाकडे पाहिलं. रंभा त्याच्या आजीचं नाव. मोठ्या हौसेनं ठेवलेलं.

"पण तिनं स्वतःच हो म्हटलंय, अपेक्षा."

तेच तर टोचत होतं. मी रंभाला जवळ घेऊन पुन्हा विचारलं, "राणी, आजोबांच्या चित्राला हात लावलास?" हो. "सगळं आभाळ पुसलंस?" यावर तिनं डावा डोळा हातानं झाकला, माझ्याकडे पाहिलं. मग उजवा झाकला, पुन्हा पाहिलं. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. डोळे आले की काय, ही आणखी एक काळजी. मी तिला डोळे धुवायला नेलं.

तिचा हात पुसताना बेसिनच्या कडेला कालची चिंधी दिसली. खोबरेल तेलानं ओली, तिच्या तळहाताचा रंग शोषलेली.

मी ती उजेडात धरली. रंग फिका होता. चुलीतल्या राखेत चिमूटभर नीळ कालवावी तसा.

अण्णांचं आभाळ तसं नव्हतं. ते मी पुरं झालं तेव्हाच पाहिलं होतं. एकसारखं दाट निळं, कपड्यांना घालायच्या निळीसारखं. मला ते जरा जास्तच वाटलं होतं. पण सगळे वा वा करत होते, आणि मला चित्रातलं काय कळतं, म्हणून मीही केलं होतं.

हा फिका रंग त्या चित्रात कुठेच नव्हता. मग माझ्या मुलीच्या हाताला तो लागला कुठून?

३

अण्णांची चित्रं काढायची खोली मागच्या अंगणात आहे. पूर्वीचा गोठा. उत्तरेच्या भिंतीत मोठी खिडकी पाडून घेतलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, काकूंना ताक द्यायचं निमित्त करून मी खाली गेले. रंभाला शेजारणीकडे ठेवलं होतं.

काकू देवघरात बसल्या होत्या. तोंडानं जप, हातानं फुलं, आणि मधे मधे माझ्याशी बोलणं.

"उद्याच्याला पूजा हाय ब्रशांची. पोरीला खाली आणू नगं बरं का. दर साली तीच कुंकू लावती, पर यंदा लोकं बोलत्यात."

मी विषय बदलला. "अण्णा कसे आहेत?"

"काय सांगू! एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर हाय. डाक्तरनं सांगितलंय, वाकायचं न्हाई, रंगाचा वास घ्यायचा न्हाई. पट्टी काढली तवापासनं भरमिष्टासारखं करत्यात. काल मला म्हणत्यात, देवघराची भिंत पांढरी कवा केलीस? म्हटलं, अवो, रणजीतच्या लग्नात रंगवली तवापासनं पांढरीच हाय! मग बसले गप."

मी गोठ्यात गेले. चित्राला पुन्हा कापड घातलेलं होतं. ते बाजूला केलं.

अण्णा कधीमधी मला चहा पाजत आभाळाबद्दल सांगायचे. दोनशे वर्षांपूर्वी तिकडे इंग्लंड-जर्मनीत असे चित्रकार झाले म्हणे, की त्यांनी जमीन खाली पट्टीएवढी ठेवली आणि उरलेला सगळा कागद आभाळाला दिला. उघड्यावर बसून ढग काढायचे, ते बदलायच्या आत. "माणूस रागावला की चेहरा बदलतो ना, तसं त्यांच्या चित्रात आभाळ बदलायचं," अण्णा म्हणायचे. "आभाळ म्हणजे मागचा पडदा नव्हे. चित्राचा स्वभाव आहे तो." आणि ढग? "ढगाचं पोट कुणीही काढेल. कड काढून दाखव. एका बाजूला धारदार, दुसऱ्या बाजूला विरत गेलेली. एक कड जमायला माझी उमेदीची वर्षं गेली."

पूर्वी ते माळावर बसून रंगवायचे. आता माळावर टॉवर उभे राहिले आणि गुडघेही गेले. त्यामुळे बरीच वर्षं ते खोलीत बसून, आठवणीनं आभाळ काढत होते.

मी कड शोधली. एकही बिघडलेली नव्हती. निळा रंग पुसणारा हात प्रत्येक ढगापाशी येऊन थांबला होता, कडेकडेनं सांभाळून वळला होता. मधोमधचा मोठा काळा ढगही जसाच्या तसा. फक्त निळं तेवढं गेलं होतं. टर्पेंटाइनचा उग्र वास अजून येत होता. रंभाच्या फ्रॉकला तो वास नव्हता. मी तर काल तिचा प्रत्येक कपडा हुंगला होता.

मग पंजापाशी खाली बसले. पुसलेल्या कोऱ्या जागेवर तो उमटला होता, राखेच्या रंगात. बोटांच्या रेषा अख्ख्या होत्या. त्याच्यावरून एकही फराटा गेला नव्हता.

म्हणजे रंभानं हात टेकवला, तेव्हा आभाळ आधीच पुसून झालेलं होतं.

"काय बघताय वहिनी?"

मागे दारात रणजीतभाऊ उभे होते. हातात गाडीची किल्ली फिरवत.

४

"भिंतीला ओल आलीये का ते बघत होते," मी म्हटलं. खोटं मला कधीच नीट जमत नाही.

"ओल वर आली असंल. हितं न्हाई." ते आत आले. "लय मनाला लावून घेऊ नका. फोटो मी गंमत म्हणून टाकला."

"गंमत तुमची झाली भाऊ. नाव माझ्या लेकीचं झालं."

ते जरा ओशाळले. पण मला एक गोष्ट आठवली होती, आणि आता मागे हटायचं नव्हतं.

"सोपानरावांना तो काळा ढग नको होता ना? गणपतीत तुमचं आणि अण्णांचं भांडण झालं, ते वरपर्यंत ऐकू आलं होतं."

किल्ली फिरायची थांबली.

"मग? नव्या हॉलमधी काळा ढग कोण लावतं राव? बघितल्या बघितल्या वाटतं, आता पाऊस पडून माल भिजणार. सोपानराव म्हणाले, पॉझिटिव्ह पायजे. मी अण्णांना म्हटलं, एवढं पांढरं करा. तर मला म्हणाले, तू प्लॉट विक, आभाळ मी बघतो." ते थांबले. "म्हणजे तुमाला वाटतंय मी पुसलं? माझ्या बापाचं चित्र?"

"मी कुठे काय म्हटलं?"

"परवा सकाळपर्यंत चित्र धड होतं, आणि दुपारभर मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी होतो. सोपानराव शेजारी बसले होते, विचारा त्यांना. दोघांनी मिळून सरकारला शिव्या घातल्यात."

ते तणतणत गेले. मी चित्राकडे पाहत राहिले. काळा ढग ज्याला नको होता, त्यानं काळा ढग ठेवून निळं का पुसावं?

गोठ्यातून बाहेर पडले, तर अंगणातल्या नळावर तनुजा पाठमोरी वाकली होती. घाईघाईनं काहीतरी चोळत होती. दगडावरून वाहणारं पाणी निळं होतं.

५

"तनुजा."

ती दचकली. हातातली चिंधी तिनं पाठीमागे घेतली. काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता. अण्णांकडे रंग पुसायला तेच तुकडे असतात.

"कुठे मिळाली ही?"

"पाण्याच्या पिंपामागे. पडली होती ताई. धुऊन टाकावी म्हटलं."

"चित्र पुसल्याची चिंधी तू धुऊन टाकतेस? कुणालाही न दाखवता?"

तिनं नळ बंद केला. ही मुलगी मला आवडायची. ताथवड्यात मुलांचे ड्रॉइंगचे क्लास घेते, उरलेला वेळ इथे. या चित्राचा माळ, बाभळी, सगळं तिनं रंगवलेलं, हे मला माहीत होतं. सही मात्र एकट्या अण्णांची. माणसाच्या मनात काय काय साठत असेल, कोण सांगणार? ढगाची कड सांभाळून पुसणारा हात चित्रकाराचाच असणार. आणि या घरात चित्रकार दोनच.

"तुला अण्णांचा राग येतो का गं कधी?"

"येतो ना," ती पटकन म्हणाली. "पण या चित्राचा नाही. ताई, तुमच्या मनात काय आहे ते कळतंय मला. त्या दुपारी मी क्लासमध्ये होते, वर्गभर मुलं आणि दारात त्यांच्या आया. अंधार पडल्यावर घरी गेले. कुणालाही विचारा."

विचारायची गरज नव्हती. आमच्या शेजारणीचा मुलगाच त्या क्लासला जातो. तनुजानं त्या दिवशी त्याला पेन्सिल चावल्याबद्दल रागावलं होतं, हे मी त्याच संध्याकाळी साग्रसंगीत ऐकलं होतं.

"मग चिंधी का लपवलीस?"

तिनं चिंधी पिळली. "तुम्हाला ते आभाळ कसं वाटलं होतं?"

"छान होतं."

"खरं सांगा ना."

मी इकडे तिकडे पाहिलं. "जरा जास्त निळं होतं."

"आभाळ डोक्यावर गडद असतं, खाली क्षितिजाकडे फिकट होत जातं. हे अण्णांनीच शिकवलंय मला. आणि गेली कित्येक वर्षं त्यांचं आभाळ वरपासून खालपर्यंत नीळ ओतल्यासारखं असतं. एकदा मी बोलले. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत ते. काकू म्हणाल्या, मोठ्या माणसाला असं तोंडावर सांगतात व्हय?" तिचे डोळे भरून आले. "पुढचं मला विचारू नका ताई. रंभाचं वाईट वाटतं मला, देवाशप्पथ. पण मला विचारू नका."

६

दुपारी मी रंभाला ताथवड्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. चित्राचं काही का होईना, तिचं ते एक डोळा झाकणं थांबत नव्हतं, आणि माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अण्णांचं ऑपरेशनही याच डॉक्टरीणबाईंनी केलेलं.

त्यांनी तिचे दोन्ही डोळे तपासले. अक्षरं ओळखायला लावली, खेळण्यातला ससा दाखवला.

"डोळे उत्तम आहेत हो. काही झालेलं नाही हिला."

"मग ही सारखी अशी का करते? एकदा हा झाकते, एकदा तो."

रंभानं तेवढ्यात करून दाखवलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "नक्कल करतेय कुणाची तरी. घरात मोतीबिंदूचा पेशंट आहे का? एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालेले लोक असेच करत बसतात. मोतीबिंदू पिकत जातो ना, तसं सगळं पिवळट दिसायला लागतं. पण ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. मग नव्या भिंगानं एकदम पांढरं पांढरं दिसतं, निळं निळं दिसतं. मग बसतात तुलना करत. हा डोळा, तो डोळा."

मी खुर्चीचा हात धरला.

देवघराची भिंत पांढरी कवा केलीस?

आठवणीतलं निळं डोळ्यांना पुरत नाही म्हणून माणूस आणखी निळं घालत जातो. वर्षानुवर्षं. आणि एका सकाळी पट्टी सुटते.

रंभा अण्णांना रोजच भेटत होती. पण अण्णा चारचौघांत काळा चष्मा काढत नव्हते. चष्मा काढून, एक एक डोळा झाकून ते काहीतरी बघत होते, तेव्हा ती तिथे होती.

७

खंडेनवमीच्या सकाळी देवघरासमोर पाट मांडला होता. त्यावर अण्णांचे ब्रश ओळीनं, रंग कालवायची पाटी, पातळ सुऱ्या. शेजारी काकूंची विळी. बाहेर रणजीतभाऊंची गाडी झेंडूच्या माळा घालून तयार. तनुजाही आली होती.

मी रंभाचा हात धरून आत गेले. सार्थक मागे होता. शिफ्टवर जायचं टाळून थांबला होता.

"अगं, तिला आणू नगं म्हटलं हुतं की न्हाई!" काकू उठल्याच.

"काकू, आधी माझं ऐका. मग तुम्ही म्हणाल तर आम्ही वर जातो."

"वहिनी, सणाच्या दिवशी कशाला?" रणजीतभाऊ म्हणाले.

"फोटो टाकलात त्या दिवशी सण नव्हता म्हणून चाललं का?"

अण्णा खुर्चीत होते. काळा चष्मा माझ्याकडे वळला.

मी बोलायला सुरुवात केली. पंजा पुसलेल्या जागेवर आहे, पंजावरून फराटा गेलेला नाही. म्हणजे रंभा आली तेव्हा आभाळ गेलेलंच होतं. तिच्या हाताला लागलेला फिका रंग चित्रात कुठेच नव्हता, म्हणजे तो कुणीतरी नव्यानं कालवला होता.

"नासधूस करायला आलेला माणूस नवा रंग कालवत बसत नाही. ज्याला पुन्हा रंगवायचंय, तो कालवतो. ज्यांना काळा ढग नको होता, त्यांनी काळा ढग पुसला असता."

रणजीतभाऊंनी मान खाली घातली.

"आणि ढगाची एकही कड मोडलेली नाही. कड काढायला काय पडतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातून असं पुसलं जातं. तनुजा त्या दुपारी ताथवड्यात होती. रणजीतभाऊ हिंजवडीत अडकले होते. घरात…"

इथे माझी जीभ अडखळली. त्या घरात ते नाव तसं घ्यायची कुणाचीच पद्धत नव्हती. माझीही नव्हती.

"आता माझं नाव घेतीस का काय?" काकू म्हणाल्या. "मला त्या टर्पेंटाइननं शिंका येत्यात!"

"नाही काकू." मी रंभाचा हात घट्ट धरला. "अण्णा, आभाळ तुम्ही पुसलंत."

रणजीतभाऊ ताडकन उठले. "वहिनी, तोंड सांभाळून बोला!"

"बस खाली," अण्णा म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. नव्या डोळ्यावर तळहात ठेवून देवघराच्या भिंतीकडे पाहिलं. मग दुसरा डोळा झाकून पाहिलं.

"ह्या डोळ्यानं बघितलं, तर ते माझं आभाळ होतं. आणि ह्यानं बघितलं, तर नीळ जास्त झालेलं धोतर." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "पट्टी काढल्यावर दुसऱ्याच दिवशी, ही झोपली असताना गेलो गोठ्यात. सहन होईना. पुसलं. नवा रंग कालवला. तेवढ्यात हिनं डोळ्यात थेंब घालायला हाक मारली. चिंधी पिंपामागे टाकली आणि आलो. नंतर घाईनं कापड टाकलं, तेव्हा पंजा दिसला नाही मला. परवा सगळ्यांबरोबरच दिसला." ते थांबले. "दिसला, आणि मनात आलं, बरं झालं."

बाहेर गाडीवरची माळ वाऱ्यानं पत्र्यावर घासत होती.

"तनुजा, किती वर्षं गं?"

तनुजा रडत होती. "बरीच, अण्णा."

"दवाखान्यात लावलंय ते?"

"तेही."

"रणजीतच्या सासऱ्यांच्या बंगल्यातलं?"

"तेही."

"आणि तुम्ही सगळे वा वा करत होता."

"तुमाला कोण सांगणार?" काकू एकदम बोलल्या. "आमटीत मीठ जास्त झालं असं तुमी म्हणायचं. तुमाला कुणी म्हटलंय कधी? सोय ठेवलीय का तुमी?"

अण्णांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग ते खुर्चीतून उतरले, दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे जमिनीवर टेकले, रंभाच्या समोर.

"बाळ, तू तिथं होतीस?"

"खिडकीत," रंभा म्हणाली. "तुम्ही असा डोळा करत होता. मग तुम्ही गेलात. मग मी हात लावला."

"मग सांगितलं का नाहीस, आजोबांनी पुसलं म्हणून?"

रंभानं जरा विचार केला.

"तुम्ही पण नाही सांगितलं."

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हात पुढे केला. "रणजीत, तुझा तो फोन आण. त्या ग्रुपवर बोलता येतं ना?"

"अण्णा, मी टाकतो ना मेसेज. तुमी कशाला…"

"आण म्हटलं."

त्यांनी फोन तोंडाजवळ धरला. मोठ्यानं, लांबच्या माणसाला हाक मारतात तसे बोलले.

"मी यशवंत बोलतोय. ते आभाळ मी पुसलं. अपेक्षाच्या पोरीनं नाही. ती निर्दोष आहे आणि तिला परत कुणी काही बोललं, तर माझ्याशी गाठ आहे. दुसरं. तुमच्यापैकी ज्यांच्या भिंतीवर माझं अलीकडचं चित्र आहे, ते चुकलेलं आहे. तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं. आणून द्या. दुरुस्त करून देईन."

त्यांनी फोन परत केला. काकूंनी काही न बोलता कुंकवाची वाटी रंभाच्या हातात दिली. तिनं एकेका ब्रशला बोट टेकवलं. मग विळीलाही. मग अण्णांच्या गुडघ्याला.

पहिलं चित्र दुसऱ्याच दिवशी परत आलं. डेअरीवाला स्वतः घेऊन आला, स्कूटरवर आडवं धरून. रंभा गेटवर उभी होती. तो तिच्याकडे न बघता आत जायला निघाला, मग थांबला, खिसे चाचपले, एक चॉकलेट काढून तिच्या हातात ठेवलं.

ती अजूनही मधूनच एक डोळा झाकून गच्चीवरून आभाळाकडे बघते. मी आता तिला डोळे धुवायला नेत नाही. शेजारी जाऊन बसते आणि विचारते, "काय दिसतंय गं?"